हात उचलला नाही, म्हणून छळ नाही?

लेक अवेळी माहेरी आली की सांगली-साताऱ्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मारतो का?" ती नाही म्हणाली की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि "जरा सांभाळून घे" म्हणत तिला परत नांदायला धाडतात. मला हा प्रश्नच अपुरा वाटतो. मार हा छळाचा एक प्रकार झाला. पुष्कळ घरांत त्याची गरजच पडत नाही.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ इव्हान स्टार्क यांनी 2007 मध्ये हेच सविस्तर मांडलं. कुणाशी बोलायचं, कुठे जायचं, किती पैसे वापरायचे, हे सगळं धाकाने एकाच माणसाच्या हातात जातं. सुटी सुटी घटना पाहिली तर क्षुल्लक वाटते, सलग पाहिली की जाच दिसतो. याला म्हणतात दमननियंत्रण, इंग्रजीत 'कोअर्सिव्ह कंट्रोल'. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2015 पासून तो गुन्हा आहे.

आपला कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा 2005 चा. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे चारही छळ त्यात येतात. मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून हिणवणं तर त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. पहाटे उठून धार ती काढते, दुधाचं बिल नवऱ्याच्या खात्यावर जमा होतं; तेवढ्यावरून छळ म्हणता येणार नाही. पण दवाखान्यालाही पैसे मिळत नसतील, तिचे दागिने परस्पर मोडले असतील, तर तो आर्थिक छळ. आणि छळणारा पुरुषच हवा असंही नाही. 'प्रौढ पुरुष' ही अट सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये काढून टाकली, त्यामुळे सासू-नणंदेविरुद्धही दाद मागता येते.

'गॅसलायटिंग' हा शब्द हल्ली साध्या भांडणालाही लावतात, ते बरोबर नाही. "असं मी बोललोच नव्हतो, तुझ्याच डोक्यात बिघाड झालाय" हे पुन्हा पुन्हा ऐकवून समोरच्याचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास उडवणं, म्हणजे गॅसलायटिंग. भांडणात दोघंही बोलतात; इथे एकजण बोलायलाच घाबरतो.

"एवढं होतं तर राहिली कशाला?" असं विचारणाऱ्यांनी मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या प्रयोगातली कबुतरं पाहावीत. चोच मारल्यावर दरवेळी दाणा मिळणारं कबूतर दाणे बंद झाले की लवकर थांबतं. कधी मिळतो, कधी नाही, अशा कबुतराची चोच मात्र कितीतरी जास्त वेळ चालू राहते. आठ दिवस अबोला आणि शिव्या, मग अचानक एका संध्याकाळी गोड बोलणं, नवी साडी. ती संध्याकाळ पुन्हा येईल या आशेवर माणूस बांधला जातो. डटन आणि पेंटर या संशोधकांनी 1981 मध्ये या बंधाचा अभ्यास मांडला. सत्ता एकाच्या हाती असेल आणि छळात मधूनच माया मिसळली असेल, तर ओढ उलट घट्ट होते, असं त्यांचं म्हणणं. तिला दुबळी ठरवणारे हे लक्षातच घेत नाहीत.

181 ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. शिवाय जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात, ते घटनेचा अहवाल लिहून घेतात. त्या अहवालाच्या ठरलेल्या नमुन्यात मारहाणीबरोबरच घराबाहेर पडू न देणं, नोकरी करू न देणं, एखाद्या माणसाला भेटू न देणं, यांच्याही नोंदी असतात.