वेबआधारित ग्रंथालय सेवा

वेबआधारित ग्रंथालय सेवा : ग्रंथालयाची तालिका (संग्रहातील ग्रंथांची सूची), देवघेव, संदर्भ सेवा व संग्रह वेबद्वारे वाचकापर्यंत पोचवण्याची साधने आणि कार्यपद्धती. ऑनलाइन तालिका, ग्रंथालयाबाहेरून ई-नियतकालिकांचा वापर, चॅटवरील संदर्भ सेवा, नव्या ग्रंथांच्या सूचना, संस्थात्मक भांडार (संस्थेच्या प्रबंध-अहवालांचा वेबवरील संग्रह) आणि अलीकडचे चॅटबॉट हे सारे यात मोडते. यातले बहुतेक साधन बसवणे अवघड नसते. ते वर्षानुवर्षे बिनचूक चालू ठेवणे हे खरे काम आहे. वाचकाचा शोध अडतो तो बहुधा नोंदीतल्या एका चुकीच्या अंकामुळे, बदललेल्या वेबपत्त्यामुळे किंवा कोणी न तपासलेल्या लिंकमुळे, आणि त्या जागा शोधून दुरुस्त करणे ग्रंथपालाशिवाय दुसरे कोणी करत नाही.

पूर्वपीठिका : संगणकाला वाचता येईल अशी ग्रंथनोंद हा या सेवांचा पाया. हेन्रिएट ॲव्हराम यांच्या नेतृत्वाखाली १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ‘मार्क’ हा नोंदींचा साचा तयार झाला. त्यातील क्षेत्रांचे क्रमांक तालिकाकारांच्या रोजच्या बोलण्यात आजही आहेत : १०० लेखक, २४५ शीर्षक, ६५० विषय, ८५६ वेबपत्ता. १९९० च्या दशकात तालिका वेबवर येऊ लागल्या. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी तयार झालेली ‘कोहा’ ही मुक्त स्रोत प्रणाली २००० साली वापरात आली आणि परवडत नाही म्हणून संगणकीकरण टाळणाऱ्या ग्रंथालयांना वाट मिळाली. मायकेल केसी यांनी २००५ मध्ये ‘ग्रंथालय २.०’ (वाचकांना सहभागी करून घेणारे ग्रंथालय) ही संज्ञा मांडल्यावर ब्लॉग, विकी, टॅग यांची लाट आली. तिच्यातले बरेच ओसरले. वाचकांनी तालिकेतील ग्रंथांना टॅग, म्हणजे स्वतः निवडलेले विषयशब्द, लावावेत ही कल्पना एकेकट्या ग्रंथालयात फारशी रुजली नाही, कारण एका ग्रंथालयाच्या वाचकांकडून उपयोगी पडतील इतके टॅग साठतच नाहीत. वाचकांना विचारून सेवा बदलण्याची सवय मात्र त्या काळाने लावली, आणि ती मोलाची आहे.

तालिका आणि शोध : वाचक आज एकाच चौकटीत दोन-तीन शब्द टाकतो आणि पहिल्या पानावर जे दिसेल त्यातून निवडतो. म्हणून तालिकेत शीर्षक, लेखक, विषय यांचा एकत्र शोध आणि बाजूला भाषा, वर्ष, प्रकार, शाखा अशा गाळण्या देतात. गाळणी चालते ती नोंदीतल्या माहितीवर. भाषेचा संकेत रिकामा राहिलेला ग्रंथ ‘मराठी’ ही गाळणी लावताच यादीतून गायब होतो आणि वाचक तो ग्रंथालयात नाहीच असे समजतो. गाळणी सुरू करण्याआधी भाषा, वर्ष व प्रकार ही क्षेत्रे रिकामी असलेल्या नोंदींची यादी काढून ती भरणे हे त्यासाठी पहिले काम.

देवनागरीत आणखी एक अडचण असते आणि तिच्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. ‘ऱ्य’ हे जोडाक्षर तीन प्रकारे टंकित होते : ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून, साध्या ‘र’ला नुक्ता व हलन्त जोडून, किंवा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे शून्य-रुंदी जोडचिन्ह वापरून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण शोधयंत्राच्या लेखी ती तीन वेगळी अक्षरे. ‘शेतकऱ्यांचे’ हा शब्द नोंदीत एका प्रकारे आणि शोधचौकटीत दुसऱ्या प्रकारे आला की उत्तर ‘शून्य’ येते. युनिकोडचे प्रमाणीकरण (एकाच अक्षराचे वेगवेगळे संकेतक्रम एकरूप करणे) केल्याने पहिले दोन प्रकार एक होतात, तिसरा होत नाही. यावर उपाय म्हणून अदृश्य चिन्हे सरसकट पुसून टाकली तर ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो, आणि आचाऱ्यांना शोधणाऱ्यापुढे आचार्य उभे राहतात. योग्य क्रम असा : आधी तिसरा प्रकार पहिल्यात बदलायचा, मग प्रमाणीकरण करायचे, उरलेली अदृश्य चिन्हे त्यानंतर काढायची. हाच नियम शोधयंत्राची अनुक्रमणिका (कोणता शब्द कोणत्या नोंदीत आहे याची यादी) बांधताना आणि वाचकाचा शब्द घेताना, दोन्हीकडे लावावा लागतो. एकीकडेच लावला तर गोंधळ वाढतो. ‘ग्रंथ’ व ‘ग्रन्थ’, तसेच देवनागरी व आंतरराष्ट्रीय अंक यांचीही अशीच जोडणी करावी लागते. कोहातील झेब्रा शोधयंत्रात यासाठी अक्षरे कशी बदलायची हे सांगणाऱ्या ‘आयसीयू’ नियमांची फाइल बसवतात आणि नंतर अनुक्रमणिका संपूर्ण नव्याने बांधतात. हा शेवटचा टप्पा राहिला की जुन्या नोंदी जुन्याच पद्धतीने अनुक्रमित राहतात.

तालिका सुधारण्याचे सगळ्यात चांगले साधन म्हणजे ‘शून्य निकाल’ आलेल्या शोधांची यादी. महिन्यातून एकदा ती चाळली तर शुद्धलेखनाचे पर्याय, वाचकांच्या तोंडी असलेले पण विषयशीर्षकात नसलेले शब्द आणि संग्रहात नसलेली पण मागणी असलेली पुस्तके, तिन्ही एकाच जागी सापडतात. पहिल्या दोहोंसाठी अधिकृत नोंदीत (नाव किंवा विषयाचे ठरलेले रूप देणाऱ्या नोंदीत) ‘पहा’ संदर्भ घालायचे, तिसऱ्याची यादी ग्रंथखरेदीकडे द्यायची.

ग्रंथालयाबाहेरून प्रवेश : प्रकाशक वर्गणीदार ग्रंथालयाला त्याच्या आयपी पत्त्यांवरून, म्हणजे इंटरनेटवरील त्याच्या संगणकांच्या अंकी पत्त्यांवरून, ओळखतो. घरी बसलेल्या वाचकाचा पत्ता वेगळा असल्याने मध्ये प्रॉक्सी सर्व्हर ठेवतात. १९९९ पासून वापरात असलेला ‘ईझेडप्रॉक्सी’ हा त्यांतला परिचित. वाचक लॉगिन करतो, प्रॉक्सी स्वतःच्या पत्त्यावरून प्रकाशकाचे पान आणतो आणि पानावरची प्रत्येक लिंक पुन्हा आपल्यामार्फतच जाईल अशी बदलून वाचकाला देतो. कोणत्या संकेतस्थळांसाठी असे करायचे त्यांची यादी प्रॉक्सीत भरलेली असते. नेहमीचा बिघाड इथेच होतो. प्रकाशक पीडीएफ फाइली नव्या उपडोमेनवर हलवतो, ते नाव यादीत नसते, आणि वाचकाला लेखाचा सारांश दिसतो पण पूर्ण लेख उघडताना पैसे मागितले जातात. वाचक बहुधा तक्रार करत नाही, ‘आपल्याकडे हे नाही’ असे धरून चालतो.

ग्रंथालयातल्या संगणकावर हा दोष कधीच दिसत नाही, कारण तो संगणक ओळखीच्या आयपी पत्त्यांतच असतो. चाचणी बाहेरूनच करावी : मोबाइलवर वायफाय बंद करून, ब्राउझरच्या खासगी खिडकीत, सामान्य सभासदाच्या खात्याने. प्रत्येक डेटाबेसमधला एक ठरावीक लेख पीडीएफपर्यंत उघडून पाहावा. मुखपृष्ठ उघडले म्हणजे सेवा चालू आहे असे होत नाही.

दुसरी नेहमीची चूक लिंक देण्यातली. शिक्षक किंवा ग्रंथपाल ब्राउझरच्या पत्तापट्टीतली लिंक उचलून वाचनयादीत टाकतो. त्या लिंकेत त्या वेळच्या सत्राची खूण असू शकते. आज त्याच्याकडे उघडते, उद्या दुसऱ्याकडे उघडत नाही. आधी ग्रंथालयाचा प्रॉक्सी उपसर्ग आणि त्यानंतर लेखाचा डीओआय (लेखाला दिलेला कायमचा ओळखक्रमांक) अशी लिंक टिकते.

चोरीला गेलेल्या एका पासवर्डवरून कोणी शेकडो लेख उतरवून घेऊ लागला की प्रकाशक प्रॉक्सीचा आयपी पत्ताच बंद करतो आणि सगळ्या वाचकांचा प्रवेश थांबतो. अशा वेळी प्रकाशकाने कळवलेली वेळ प्रॉक्सीच्या लॉगशी (वापराच्या आपोआप होणाऱ्या नोंदींशी) जुळवून खाते शोधायचे, ते गोठवायचे, पासवर्ड बदलून घ्यायचा आणि केलेली कारवाई प्रकाशकाला कळवायची. प्रत्येक सभासदासाठी ठरावीक काळातली उतरवण्याची मर्यादा आधीच घातलेली असेल तर प्रकरण इथवर येत नाही.

संदर्भसूचीतून थेट लेखावर नेणारे ‘लिंक रिझॉल्व्हर’ ओपन-यूआरएल पद्धतीवर, म्हणजे लेखाची माहिती वेबपत्त्यातच भरून पाठवण्यावर, चालतात. ग्रंथालयाकडे कोणत्या नियतकालिकाचे कोणत्या वर्षापासूनचे अंक आहेत याची माहिती चुकली की ते चुकतात. अलीकडचे अंक १२ महिने उशिरा मिळण्याची अट नोंदवायची राहिली, किंवा छापील अंकाच्या जागी ई-अंकाचा आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळखक्रमांक) पडला, तर वाचक भलत्याच पानावर पोचतो.

संदर्भ सेवा : चॅटवर वाचकाचा पहिला प्रश्न क्वचितच त्याचा खरा प्रश्न असतो. ‘पाण्यावर पुस्तके आहेत का?’ असे विचारणाऱ्याला कदाचित भूजल पुनर्भरणावर प्रकल्प लिहायचा असतो. समोर चेहरा नसल्याने ग्रंथपालाने लगेच छोटे वाक्य टाकून आपण आहोत हे कळवावे, मग एका वेळी एकच प्रश्न विचारावा : कशासाठी हवे, किती खोलात हवे, कधीपर्यंत हवे. शोधायला वेळ लागणार असेल तर तसे सांगून ई-मेल पत्ता घ्यावा. उत्तरात नुसती लिंक न देता ती कशी सापडली हेही दोन ओळींत लिहावे. वारंवार येणाऱ्या प्रश्नांची तयार उत्तरे उपयोगी पडतात, पण वेळापत्रक बदलल्यावर ती दुरुस्त केली नाहीत तर चुकीची माहिती झपाट्याने पसरते. पलीकडे कोणी नसताना चॅटची खिडकी आपोआप प्रश्न लिहून ठेवण्याच्या अर्जात बदलली पाहिजे. उत्तर न देणारी उघडी खिडकी वाचकाला कायमचे दूर करते.

भाषा-प्रारूपांवर चालणारे चॅटबॉट वेळा, नियम, मुदतवाढ अशा ठरावीक प्रश्नांना बरे पडतात, तेही ग्रंथालयाच्या स्वतःच्या पानांतूनच उत्तर काढायला लावले तर. संदर्भ देताना ते अस्तित्वात नसलेले लेख खऱ्यासारखे रचतात : लेखक खरा, नियतकालिक खरे, लेख मात्र कधी छापलेलाच नाही. वाचक अशी यादी घेऊन आला तर आधी डीओआय उघडून पाहावा, मग त्या खंडाची व अंकाची अनुक्रमणिका पाहावी. डीओआय दुसऱ्याच लेखावर नेत असेल तर तो संदर्भ बनावट असण्याची शक्यता दाट. वाचकाला ओशाळे न वाटू देता हे दाखवून देणे हा आता संदर्भ सेवेचा नित्याचा भाग झाला आहे.

सूचना सेवा : वाचकाच्या आवडीच्या विषयातील नवे साहित्य निवडून त्याला कळवण्याची कल्पना हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्येच मांडली होती. आता तालिकेतला कोणताही शोध आरएसएस फीड (नवी भर आपोआप दाखवणारी यादी) किंवा ई-मेल सूचनेत बदलता येतो. फीड वाचण्याची सेवा ‘गूगल रीडर’ १ जुलै २०१३ रोजी बंद झाल्यावर फक्त फीडवर अवलंबून असलेल्यांची गैरसोय झाली, म्हणून ई-मेलचा पर्याय सोबत ठेवतात. समाजमाध्यमांवरील पाने जाहिरातीपुरती ठीक. महत्त्वाची सूचना फक्त तिथेच देऊ नये, कारण कोणाला काय दिसावे हे ग्रंथालयाच्या हातात नसते.

भांडार : प्रबंध, अहवाल, दुर्मीळ ग्रंथ यांच्यासाठी अमेरिकेतील एमआयटी ही संस्था व एचपी ही कंपनी यांनी २००२ मध्ये आणलेली ‘डीस्पेस’सारखी प्रणाली वापरतात. प्रत्येक वस्तूला डब्लिन कोअर या वर्णन-मानकाच्या १५ घटकांवर आधारलेली नोंद असते आणि ओएआय-पीएमएच या नोंदी-देवाणघेवाणीच्या पद्धतीने इतर शोधसेवा त्या नोंदी उचलून नेतात. एकाच लेखकाचे नाव चार प्रकारे लिहिलेले आणि तारखा मनाला येईल तशा असतील तर तो गोंधळ सगळीकडे पसरतो. तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने लिहावी. स्कॅन केलेल्या पानांवर अक्षरओळख चालवल्याशिवाय फाइल चढवू नये. ती नुसती चित्रे राहतात, त्यांत शोध लागत नाही आणि दृष्टिहीन वाचकाचे वाचकयंत्र मुके राहते.

खासगीपणा : कोणी काय वाचले हे गुप्त ठेवणे ही ग्रंथपालाची जुनी बांधिलकी. वेबवर ती नकळत मोडते. पानावर बसवलेले बाहेरचे मोजणी-कोड, मुखपृष्ठांची चित्रे, समाजमाध्यमांची बटणे वाचकाचा शोध तिसऱ्या कंपनीपर्यंत पोचवू शकतात. देवघेवीचा इतिहास वाचकाने मागितल्याशिवाय साठवू नये. चॅटच्या नोंदींतून नाव व ई-मेल ठरावीक मुदतीत पुसावेत.

मोजमाप आणि देखभाल : ई-साहित्याचा वापर ‘काउंटर’ या वापर-मोजणीच्या मानकानुसार मोजतात. त्याच्या पाचव्या आवृत्तीत एकाच सत्रात एका लेखाचे वेबपान आणि पीडीएफ दोन्ही उघडले तर ‘एकूण मागण्या’ दोन, ‘एकमेव मागण्या’ एक धरतात. दोन प्रकाशकांची तुलना करताना एकमेव मागण्याच घ्याव्यात, नाहीतर वाचकाला आधी वेबपान दाखवून मग पीडीएफ देणारा प्रकाशक दर वापरामागे उगाच स्वस्त दिसतो. प्रवेश नाकारल्याचे आकडेही पाहावेत. वर्गणी नसलेल्या कोणत्या नियतकालिकाला मागणी आहे ते त्यांतून कळते.

८५६ क्षेत्रातल्या लिंका तपासायला आज्ञावली असतात, पण काही संकेतस्थळे ‘पान सापडले नाही’ असे लिहिलेले पानही यशस्वी म्हणून पाठवतात. त्या लिंका आज्ञावलीला धडधाकट वाटतात. म्हणून दर वेळी काही लिंका हाताने उघडून पाहतात. प्रणाली बदलताना जुन्या व नव्या नोंदींची संख्या जुळवावी, जोडाक्षरे आणि लांब टिपा असलेल्या काही नोंदी डोळ्यांनी तपासाव्यात, आणि जुने वेबपत्ते नव्यांकडे कायमचे वळवावेत. हे वळण राहिले तर वाचनयाद्यांत, प्रबंधांत आणि वाचकांच्या ब्राउझरमधल्या खुणांत वर्षानुवर्षे जमलेल्या लिंका एका रात्रीत बंद पडतात.