स्प्रिंग टर्की हंटिंग: अमेरिकेतली रानटर्कीची वसंतातली शिकार

स्प्रिंग टर्की हंटिंग म्हणजे अमेरिकेत साधारण मार्च ते मे, रानटर्कीच्या विणीच्या हंगामात, मादीचा आवाज काढून नराला बंदुकीच्या टप्प्यात बोलावून केलेली शिकार. व्याख्या एवढीच, पण सगळी गंमत त्या बोलावण्यात आहे. इथे कुत्रं सोडून पक्षी उठवायचा नसतो की हाकारे घालायचे नसतात, झाडाला पाठ टेकून बसायचं आणि पक्ष्याशी बोलायचं, आणि तो खरंच उत्तर देतो. निसर्गात हे उलटं चालतं. नर ओरडतो, पिसारा फुलवून जागेवरच मिरवत राहतो आणि माद्या चालत त्याच्याकडे जातात. शिकारी त्याला सांगत असतो की बाबा आज तू ये. रोज दारात स्थळं चालून येणाऱ्या नवरदेवाला मुलगी बघायला तूच ये म्हणून निरोप धाडला तर तो जेवढा आढेवेढे घेईल तेवढेच हा नर टर्की घेतो, आणि नवशिक्याचा पहिला सीझन बहुतेक त्या आढेवेढ्यांतच जातो.

पक्षी

रानटर्की (मेलिॲग्रिस गॅलोपावो) हा मूळचा उत्तर अमेरिकेचा. पूर्ण वाढलेला नर ७ ते ११ किलोचा, मादी त्याच्या साधारण निम्मी. नराला टॉम किंवा गॉबलर म्हणतात, वर्षभराच्या पोरसवद्याला जेक, मादीला हेन. टॉमच्या छातीवरून घोड्याच्या शेपटीच्या केसांसारखा एक झुबका लोंबतो, ती त्याची दाढी, म्हणजे खरं तर ती पिसंच असतात. पायामागे कोंबड्यासारखा काटा असतो आणि जुन्या नराचा काटा चांगला इंचभर लांब, टोकदार होतो. दाढी थोड्याफार माद्यांनाही येते, म्हणून बऱ्याच राज्यांच्या नियमात "नरच मारा" असं न लिहिता "दाढीवाला पक्षी" असं लिहिलेलं असतं. नियमात बसत असलं तरी दाढीवाली मादी मारू नये असं बहुतेक अनुभवी लोक सांगतात आणि ते बरोबरच आहे, ती १०-१२ अंडी घालून २८ दिवस उबवणारी असते.

अमेरिकेत टर्कीचे मुख्य प्रकार पाच: इस्टर्न, फ्लोरिडातला ऑसिओला, टेक्सास-ओक्लाहोमाकडचा रिओ ग्रँड, डोंगराळ पश्चिमेतला मेरियम्स आणि ॲरिझोना-न्यू मेक्सिकोच्या दक्षिण टोकाला व मेक्सिकोत सापडणारा गूल्ड्स. पहिले चार मिळवले की त्याला ग्रँड स्लॅम म्हणतात, पण नवीन माणसाने त्या नादाला लागू नये, आपल्या गावाजवळ जो आहे तो आधी ऐकायला शिकावा. अलास्का सोडून ४९ राज्यांत हा पक्षी आहे, हवाईतसुद्धा, तिथे अर्थात माणसांनी नेऊन सोडलेला.

आज हे वाचून टर्की म्हणजे सगळीकडे सहज दिसणारा पक्षी वाटेल, पण १९३० च्या आसपास जंगलतोड आणि बेसुमार शिकारीने तो जवळजवळ संपत आला होता. मग १९३७ साली पिटमन-रॉबर्टसन कायदा आला, त्यानुसार बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीव खात्यांकडे जातो. सुरुवातीला फार्मवर वाढवलेल्या टर्क्या रानात सोडून बघितल्या, त्या टिकल्या नाहीत, कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी गेल्या. नंतर १९५० च्या दशकात दाण्यावर जमलेल्या रानटर्कींच्या अंगावर तोफेसारख्या नळ्यांनी जाळं उडवून त्या जिवंत पकडायच्या आणि दुसऱ्या जंगलात नेऊन सोडायच्या हा प्रकार जमला आणि तिथून संख्या खरी वाढली. १९७३ मध्ये नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन ही रानटर्की जपण्यासाठी काम करणारी संस्था स्थापन झाली. पुढे संख्या काही दशलक्षांवर गेली. अलीकडे मात्र आग्नेयेकडच्या राज्यांत पिल्लं कमी जगताहेत अशी ओरड आहे, त्यामुळे काही राज्यांनी सीझन उशिरा सुरू करायला घेतला, टेनेसीने २०२३ पासून तो साधारण दोन आठवडे पुढे नेला, म्हणजे माद्यांचं मीलन होऊन त्या अंड्यांवर बसेपर्यंत नरांना उसंत मिळावी. एक नर अनेक माद्यांना पुरतो, म्हणूनच वसंतातली शिकार मुळात नरांवरच बेतलेली आहे.

सुरुवात करताना: लायसन्स, कोर्स, जागा

भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, त्यामुळे तिकडे गेलेल्या मराठी माणसाला याचं घरचं वळण नसतंच. आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो, बराचसा ऑनलाइन होतो. कोर्सआधी एकदा करून बघायचं असेल तर बऱ्याच राज्यांत अप्रेंटिस लायसन्स मिळतं, त्यात अनुभवी माणूस सोबत पाहिजे. मग राज्याचं हंटिंग लायसन्स आणि वेगळा टर्की टॅग (मारलेल्या पक्ष्याची नोंद करायची चिठ्ठी) किंवा परमिट. तारखा, रोजची वेळ (काही ठिकाणी दुपारी शिकार बंद), किती पक्षी चालतील, हे सगळं राज्यागणिक आणि कधी कधी काउंटीगणिक (म्हणजे जिल्ह्यागणिक) बदलतं, तेव्हा त्या वर्षीचं नियमपुस्तक वाचल्याशिवाय घराबाहेर पडू नये.

एच-वन (नोकरीचा), एफ-वन (शिक्षणाचा) अशा नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. फेडरल, म्हणजे केंद्राच्या कायद्याने अशा व्यक्तीला बंदूक बाळगायला एरवी मनाईच आहे, मात्र अमेरिकेतल्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर त्याला अपवाद आहे. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपला, आणि राज्याचे स्वतःचे नियम वेगळे. मित्राने सांगितलं म्हणून पुढे जाऊ नका, वकिलाला विचारा, प्रकरण व्हिसावर शेकू शकतं. ही कटकटच नको असेल तर धनुष्यबाणाने शिकार हा मार्ग आहे, पण नवशिक्याला ती बंदुकीपेक्षा कितीतरी कठीण.

जागेसाठी नॅशनल फॉरेस्ट आणि राज्यांच्या वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरिया सगळ्यांना खुल्या असतात. खाजगी शेतावर जायचं तर शेतकऱ्याची परवानगी घ्यायची, आणि ती फेब्रुवारीतच जाऊन मागितलेली बरी, सीझनच्या आदल्या दिवशी दार वाजवलं तर समोरचा माणूस काय म्हणणार.

बंदूक आणि आवाज

१२ किंवा २० गेजची (गेज म्हणजे नळीच्या जाडीचं माप) शॉटगन, नळीच्या तोंडाला घट्ट चोक, म्हणजे छर्रे फार पसरू न देणारं अरुंद तोंड, आणि ४, ५ किंवा ६ नंबरचे छर्रे. नेम डोकं आणि मान जिथे मिळते तिथे, अंगावर नाही, कारण पंखांच्या जाड थरात छर्रे अडकून पक्षी जखमी होऊन पळतो. ४० यार्ड, म्हणजे ३६-३७ मीटर, ही साधारण शेवटची हद्द समजावी. सीझनआधी मोठ्या कागदावर १० इंचाचं वर्तुळ काढून ४० यार्डांवरून एक बार काढायचा आणि आत किती छर्रे बसले ते मोजायचे, शंभरेक बसले तर ठीक, नाहीतर चोक किंवा काडतूस बदलायचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं तेच लोक टाळतात.

आवाज काढायची साधनं बरीच. नवशिक्यासाठी बॉक्स कॉल सगळ्यात सोपा: कंपासपेटीएवढी लाकडी डबी, वर एका स्क्रूवर फिरणारी लाकडाची फळी, फळीला खडू लावायचा आणि डबीच्या पातळ काठावर हलकेच घासायची, की "क्याँव क्याँव क्याँव" असा मादीचा येल्प निघतो. याचं पेटंट १८९७ साली आर्कान्सामधल्या हेन्री गिब्सनने घेतलं होतं. दुसरा प्रकार पाटीचा, गोल वाटीत बसवलेल्या पाटीवर लाकडी काडी घासायची. तिसरा तोंडात टाळूला लावायचा डायफ्राम, त्यात हात मोकळे राहतात पण जमेपर्यंत घरचे लोक वैतागतात. त्याहून जुना मादीच्या पंखाच्या पोकळ हाडांचा कॉल, तो मूळ रहिवासी लोक फार पूर्वीपासून वापरत आलेत.

बोली थोडक्यात अशी: येल्प म्हणजे "मी इथे आहे", क्लक म्हणजे जवळच्याला मारलेली साधी हाक, पर्र म्हणजे निवांत चरतेय. आणि "पट!" हा एकच कडक आवाज म्हणजे धोका, तो चुकून काढलात तर त्या सकाळचं काम संपलं. शिकणाऱ्याची सगळ्यात मोठी चूक सूर बिघडण्याची नसते, खऱ्या माद्याही बेसूर ओरडतात, चूक असते फार बोलण्याची. तीनचार येल्प करा आणि गप्प बसा.

सकाळ

टर्की रात्री उंच झाडावर बसते. आदल्या संध्याकाळी हा रातथारा शोधून ठेवायचा, अंधार पडताना घुबडासारखा हुंकार काढला की नर चिडून ओरडतो आणि जागा कळते. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या तासभर आधी, टॉर्च न लावता, त्या झाडापासून शंभर-दीडशे यार्डांवर जाऊन बसायचं. पाठीला आपल्या खांद्यांपेक्षा रुंद बुंधा पाहिजे. उजव्या हाताने बंदूक चालवणाऱ्याने डावा खांदा पक्ष्याच्या दिशेला करावा, तसं बसलं की नळी जास्त फिरते. गुडघा वर, त्यावर बंदूक, हातमोजे, तोंडावर जाळीचा बुरखा. टर्कीला वासाचं फारसं कळत नाही, पण डोळे असे की रंग दिसतात आणि जवळपास चहूबाजूचं एकदम दिसतं. बोट हललं तरी कळतं, मग नाकावर डास बसला तर बसू द्या.

पूर्वेला फटफटायला लागलं की झाडावरून पहिला "गॉबल-ऑबल-ऑबल" येतो आणि बसल्या जागी अंगावर काटा येतो, यात अतिशयोक्ती नाही. हळूच दोन-तीन येल्प. तो उत्तर देतो, पंखांचा फडफडाट होतो, खाली उतरतो. आणि मग बऱ्याचदा तो खऱ्या माद्यांबरोबर उलट्या दिशेला निघून जातो. नवशिका इथे उठून घरी जातो, तिथेच चुकतो. नऊ-दहाच्या सुमाराला माद्या अंडी घालायला पांगतात, हा एकटा पडतो, आणि सकाळी ऐकलेला आवाज त्याला आठवतो की काय कोण जाणे, पण तो परत येतो, पुष्कळदा एकही आवाज न करता.

कधी तो साठ-सत्तर यार्डांवर येऊन अडून बसतो, मध्ये ओढा किंवा तारेचं कुंपण असलं की हमखास. मिरवतो, "प्फ्ट" असा थुंकल्यासारखा आवाज आणि मागोमाग छातीतून येणारा घुमारा ऐकू येतो, तो कानापेक्षा पोटात जास्त जाणवतो. अशा वेळी गप्प राहणं हाच उपाय. तो झाडाआड गेला की तेवढ्यात बंदूक सरकवून घ्यायची. पिसारा फुललेला असताना मान आत ओढलेली असते, तेव्हा चाप ओढायचा नाही, एक क्लक करायचा, तो मान वर करतो, आणि मग.

जिवाचे नियम

या शिकारीत धोका पक्ष्यापासून नसतो, दुसऱ्या शिकाऱ्यापासून असतो. सगळे झुडपांच्या रंगाचे कपडे घालून टर्कीचा आवाज काढत बसलेले, त्यामुळे चुकून माणसालाच टर्की समजून गोळी लागण्याचे प्रकार होतात. म्हणून लाल, पांढरा, निळा हे रंग अंगावर नकोत, मोज्यात आणि रुमालातही नाहीत. कारण नराच्या डोक्याचे हेच तीन रंग. १६१२ मध्ये मुकर्रब खान या दरबारी सरदाराने गोव्याहून टर्की आणून जहांगीरला दिली तेव्हा बादशहा याच डोक्यावर थक्क झाला होता, कधी पोवळ्यासारखं लाल, थोड्या वेळाने कापसासारखं पांढरं, सरड्यासारखं बदलतं असं त्याने आठवणींत लिहून ठेवलंय, आणि त्याच्या दरबारातला चित्रकार मन्सूर याने काढलेलं तिचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. बादशहाला कौतुक होतं, आपल्याला त्याच रंगांची भीती बाळगायची.

दुसरा माणूस येताना दिसला तर हात हलवायचा नाही, टर्कीचा आवाज काढायचा नाही, मोठ्याने माणसाच्या आवाजात हाक मारायची. कुठे गॉबल (नराचा आवाज) ऐकू आला तर त्याच्या मागावर रांगत जायचं नाही, तो आवाज माणसाचा असू शकतो. पक्षी खांद्यावर टाकून बाहेर निघताना नारिंगी कापडात गुंडाळायचा. आणि गोचीड: पूर्वेकडच्या राज्यांत गोचिडीच्या चाव्यातून होणारा लाइम डिसीज आहे, कपड्यांना आदल्या दिवशी परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारून वाळवायचं आणि घरी आल्यावर अंग नीट तपासायचं.

पक्षी मिळाल्यावर

जवळ जाताना पायाच्या काट्यांपासून सांभाळायचं, पडलेला नर बराच वेळ पंख आपटतो. टॅग लागलीच भरायचा, आणि जिथे नियम आहे तिथे त्याच दिवशी फोनवर किंवा ॲपवर नोंद करायची. परतताना ओलसर झाडांखाली नजर ठेवा, याच दिवसांत मोरेल मशरूम उगवतात, आपल्याकडे काश्मीरची गुच्छी म्हणतात त्याच जातकुळीतली.

छातीचं मांस चटकन शिजतं आणि जास्त शिजवलं तर भुसा होतो. पाय मात्र चालून चालून कमावलेले असतात, त्यात ताठ शिरा, त्यांना कुकरमध्ये गावठी कोंबड्यापेक्षाही जास्त शिट्ट्या लागतात आणि मग तांबड्या रश्श्यात ते झकास लागतात. सोलताना गळ्याजवळची दाण्याची पिशवी उघडून बघावी, त्यात क्लोव्हरची पानं, ओकची फळं, भुंगे असं काय काय सापडतं आणि पुढच्या खेपेला कुठे बसायचं ते कळतं. जेवताना पहिले चार घास जपून चावा, मानेजवळच्या मांसात छर्रा राहून जातो.