‘डेडलाइन’मधला अणुबॉम्ब

क्लीव्ह कार्टमिल (१९०८–१९६४) या अमेरिकन विज्ञानकथाकाराचे नाव मराठी वाचकांच्या कानावर क्वचितच आले असेल. त्यांची एकच कथा आज आठवली जाते आणि तीही कथा म्हणून सामान्यच आहे. ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ मासिकाच्या मार्च १९४४ च्या अंकात आलेल्या ‘डेडलाइन’ या कथेत, दूरच्या एका ग्रहावर ‘सिक्सा’ आणि ‘सेइला’ यांचे युद्ध चालू असते (दुसऱ्या महायुद्धातील ॲक्सिस म्हणजे जर्मनीचा गट आणि अलाइज म्हणजे दोस्त राष्ट्रे, ही इंग्रजी नावे उलट्या क्रमाने लिहिली की हीच होतात) आणि सिक्साचा महाभयंकर बॉम्ब निकामी करण्यासाठी एक हेर शत्रूच्या मुलखात उतरतो.

हा बॉम्ब युरेनियम-२३५ चा होता. अमेरिकेतील लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत अशाच बॉम्बवर अत्यंत गुप्तपणे काम चालू असल्याने लष्कराचे तपास अधिकारी संपादक जॉन कॅम्पबेल यांच्याकडे आणि पुढे कार्टमिल यांच्याकडेही पोहोचले. तांत्रिक तपशील कॅम्पबेल यांनीच पत्रांतून पुरवला होता, आणि तो सर्व अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वीच छापून आलेला आहे, हे त्यांचे उत्तर खरे होते. डिसेंबर १९३८ मध्ये बर्लिनला हान आणि श्ट्रासमान या रसायनशास्त्रज्ञांना युरेनियमच्या विखंडनाचा, म्हणजे अणुकेंद्र फुटण्याचा, पुरावा मिळाला. १९३९ मध्ये बोर आणि व्हीलर या भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवले की मंद न्यूट्रॉनांनी फुटतो तो नैसर्गिक युरेनियमातला जेमतेम ०.७ टक्के असणारा २३५ हा समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वस्तुमानाचा अणुप्रकार). आणि १९४० मध्ये त्याच्या सूक्ष्म नमुन्यावरील प्रयोगांनी ते सिद्धही झाले.

मात्र कथेतला बॉम्ब जसाच्या तसा बनवला असता, तर तो नीट फुटला नसता, आणि मला ही बाब तपासापेक्षाही महत्त्वाची वाटते. त्यात युरेनियम ऑक्साइडची भुकटी कॅडमियम या धातूच्या पडद्यांनी वेगळी ठेवलेली आहे. पडदे फुटताच ती मध्यभागी जमते आणि रेडियम-बेरिलियमचा स्रोत तिच्यावर न्यूट्रॉनांचा मारा करतो. परंतु कॅडमियम शोषते ते मंद न्यूट्रॉन, तर बॉम्बमधली साखळी अभिक्रिया चालते ती वेगवान न्यूट्रॉनांवर, त्यामुळे हे पडदे तिला रोखू शकत नाहीत. शिवाय सैल भुकटीची घनता कमी असल्यामुळे क्रांतिक वस्तुमान (साखळी अभिक्रिया टिकण्यासाठी लागणारे किमान वस्तुमान) पुष्कळ वाढते, आणि ती सावकाश एकत्र येत असताना स्रोतातून न्यूट्रॉन सतत निघत असतील, तर अभिक्रिया वेळेआधीच सुरू होऊन इंधन विखुरते. हिरोशिमावरील बॉम्बमध्ये म्हणूनच सुमारे ६४ किलो समृद्ध (२३५ चे प्रमाण वाढवलेल्या) युरेनियमाचे धातुरूप भाग तोफेसारख्या नळीतून एकमेकांवर वेगाने आदळवले होते. खरे रहस्य या अभियांत्रिकीत आणि ते ६४ किलो मिळवण्यासाठी अमेरिकेतील ओक रिज येथे उभारलेल्या अवाढव्य कारखान्यांत होते.

अणुऊर्जेचा विषय मासिकातून एकाएकी गायब झाला, तर शत्रूला त्यावरूनच संशय येईल, असाही कॅम्पबेल यांचा युक्तिवाद होता. तो किती रास्त होता हे सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ गिओर्गी फ्लेरोव्ह यांच्यावरून दिसते. अमेरिकन नियतकालिकांत विखंडनावरचे शोधनिबंध येणे थांबले आहे, एवढ्यावरूनच तिथे बॉम्बचे काम चालू असल्याचे त्यांनी ताडले आणि १९४२ मध्ये थेट स्टालिनला पत्र लिहिले. तोवर ‘डेडलाइन’ लिहिलीही गेली नव्हती.