जळजळ न सांगणारा रुग्ण

माणूस छातीवर हात फिरवत "इथे जळतं" म्हणतो आणि निम्मं निदान तिथेच होतं. जठरातलं आम्ल अन्ननलिकेत वर येण्याच्या आजारावर प्रयोग करताना उंदराकडून ही सोय नाही. त्यातून उंदराला ओकारीही येत नाही. जठरातलं वर येऊ न देण्याची त्याची बांधणीच पक्की. मग आम्ल वर आलं हे ओळखायचं कशावरून?

बराच काळ उत्तर सरळ होतं: जखमेवरून. जठरातलं आम्ल आणि पेप्सिन (प्रथिनं पचवणारं विकर) वर आल्याने अन्ननलिकेला सूज येते, ही कल्पना न्यूयॉर्कच्या अ‍ॅशर विंकेलस्टाइन यांनी 1935 मध्ये मांडली. पुढच्या प्रयोगांत मांजर, ससा, कुत्रा यांच्या अन्ननलिकेत आम्ल सोडायचं आणि नंतर अस्तर तपासायचं, अशी रीत पडली. मांजरांवरच्या 1969च्या प्रयोगांत दिसलं, की नुसत्या आम्लाने इजा व्हायला ते फार तीव्र असावं लागतं. पेप्सिन सोबत असलं की सौम्य आम्लही पुरतं. उंदरांसाठी तर शस्त्रक्रियाच आली. लेव्रा आणि सहकाऱ्यांनी 1962 मध्ये आतड्यातला पित्तमिश्रित रस उंदराच्या अन्ननलिकेत चढेल अशी व्यवस्था केली. तिच्या सुधारित रूपांत अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडतात, आणि ती रूपं आजही वापरात आहेत.

पण यात एक गोची होती. जखम दिसली म्हणजे आम्ल आलं होतं एवढंच कळायचं. कधी, किती वेळा, किती वेळ, हे नाही.

मोजमाप आधी माणसात आलं. टटल आणि ग्रॉसमन यांनी 1958 मध्ये अन्ननलिकेतला दाब आणि पीएच (आम्लतेचं माप; जितका कमी, तितकं आम्ल तीव्र) एकाच वेळी नोंदवला. जॉन्सन आणि डिमीस्टर यांनी 1974 मध्ये 24 तासांची नोंद रुळवली. पीएच 4च्या खाली गेला की रिफ्लक्स, म्हणजे जठरातलं वर येणं, हा दंडक तिथला. पेप्सिनचा जोर साधारण त्याच्या खालीच चालतो, म्हणून तो आकडा पटण्याजोगा आहे. पण उंदरालाही तोच लावणं ही मला सवय वाटते, सिद्धान्त नव्हे.

प्राण्यात खरी मेहनत कुत्र्यांवर झाली. मानेपाशी अन्ननलिकेला कायमचं छिद्र केलेल्या, सरावलेल्या कुत्र्यांना भूल न देता नळी घालता येते. भूल दिली की अन्ननलिका आणि जठर यांच्यामधल्या झडपेचं आपोआप सैल होणंच थांबतं, म्हणून हा खटाटोप. जठरात आम्लयुक्त द्रव आणि हवा भरायची, झडपेचा दाब नि पीएच शेजारीशेजारी पाहायचे. गिळण्याशी संबंध नसताना झडप काही सेकंद आपोआप सैल होते आणि रिफ्लक्स बहुधा तेव्हाच होतो, हे जॉन डेंट यांनी 1980 मध्ये माणसात दाखवलं होतं. 1999 मध्ये स्वीडनच्या अँडर्स लेमान यांच्या गटाला कुत्र्यांत आढळलं, की बॅक्लोफेन या औषधाने हे सैल होणं कमी होतं. त्याच वाटेने पुढे लेसोगॅबेरान हे औषध आलं. कुत्र्यात ते छान चाललं, माणसात फायदा तुटपुंजा निघाला आणि काम थांबलं.

पीएचला न दिसणारा, आम्ल नसलेला रिफ्लक्स 1991 पासून विद्युतरोधाच्या मोजमापाने टिपता येऊ लागला. अन्ननलिकेला चिकटवायची बिनतारी कॅप्सूल 2001 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. पुढे ती पशुवैद्यांनी कुत्र्यांतही वापरली. उंदराच्या बारीक अन्ननलिकेत ती मावायची नाही.

आणि 2009 मध्ये जखमेच्या खुणेलाच धक्का बसला. डॅलसच्या रोंडा सूझा आणि सहकाऱ्यांनी उंदरांची अन्ननलिका आतड्याला जोडली. आम्ल वरून पोळतं असं असेल तर नुकसान पृष्ठभागावरून सुरू व्हायला हवं. तिसऱ्या दिवशी दाहाच्या पेशी दिसल्या त्या अस्तराच्या खालच्या थरात. वरच्या जखमा कित्येक आठवड्यांनी उमटल्या.