गडावर माहिती देणारे स्काउट-गाईड: परवानगीचा अर्ज कुठे अडतो

"आमच्या शाळेच्या ३० गाईड लोहगडावर पर्यटकांना माहिती देतील." एका पथकाच्या अर्जातलं हे पहिलंच वाक्य, आणि ह्याच वाक्यावर अर्ज परत आला. लिहिणाऱ्या बाईंच्या डोळ्यांसमोर गाईड म्हणजे निळ्या गणवेशातल्या सातवी-आठवीच्या मुली होत्या. पुरातत्त्व कार्यालयातल्या, टेबलापलीकडच्या माणसाच्या लेखी गाईड म्हणजे पैसे घेऊन गड दाखवणारा. प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा कायदा आणि त्याखालचे १९५९ चे नियम आहेत. त्यातला आठवा नियम सांगतो, की संरक्षित स्मारकात मोबदला घेऊन कुणाला फिरवून दाखवायचं तर पुरातत्त्व अधिकाऱ्याचा परवाना लागतो. मग उत्तर काय येणार? "परवाना जोडा." बाई तीन आठवडे तो परवाना शोधत होत्या. त्यांना त्याची गरजच नव्हती.

म्हणून अर्जात नुसतं "गाईड" लिहू नका. "भारत स्काउट्स आणि गाईड्स संस्थेच्या नोंदणीकृत पथकातील विद्यार्थी स्वयंसेवक" असं पूर्ण लिहा. त्याच्या पुढचं वाक्य हे हवं: "ही सेवा विनामूल्य असून विद्यार्थी कोणाकडूनही पैसे, बक्षीस अथवा भेटवस्तू स्वीकारणार नाहीत." आणि हे मुलांकडूनही घटवून घ्या. गणेश दरवाजाशी आमच्या एका मुलीने छान माहिती सांगितली, तर एका आजोबांनी कौतुकाने तिच्या हातात दहाची नोट कोंबली. तिने हात मागे घेतला, "आजोबा, आम्ही सेवेला आलोय," म्हणाली. आजोबांनी नोट तिच्या खिशातच सरकवली. पोर रडवेली होऊन कॅप्टनकडे, म्हणजे पथकाच्या प्रमुख बाईंकडे, धावली, आणि कॅप्टननी पायऱ्या उतरून ती नोट परत केली. एवढं काटेकोर राहावंच लागतं, कारण एका नोटेचा फोटो पुढच्या वर्षीची परवानगी घालवू शकतो.

दुसरी अडचण पत्त्याची, आणि सर्वांत जास्त वेळ इथेच वाया जातो. जुलै २०२५ मध्ये बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हापासून बऱ्याच शाळांना वाटतं की सगळ्यांचं कार्यालय एकच. तसं नाही. रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. राजगड, प्रतापगड, साल्हेर आणि खांदेरी हे राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे. (बारावा जिंजी, तो तमिळनाडूत.) राजगडासाठीचा अर्ज केंद्राच्या कार्यालयात टाकला तर तो योग्य जागी आपोआप जाईल ह्या भरवशावर राहू नका. मी असा अर्ज दोन महिने एका कपाटात पडलेला पाहिला आहे. "आमच्याकडचं नाही" एवढं कळवायलाही कुणाला सवड झाली नाही. मुलांनी पाठांतर केलेलं असतं, गणवेश इस्त्री करून ठेवलेले असतात, आणि एका ओळीचं उत्तर कुणी देत नाही, ह्याचा राग येतो.

लोहगड, शिवनेरी, रायगड यांचा अर्ज केंद्राच्या सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाच्या (विभागीय कार्यालयाच्या) प्रमुखांच्या, म्हणजे अधीक्षण पुरातत्त्वविदांच्या, नावे करायचा. कार्यालय शीवच्या किल्ल्यात आहे. दौलताबादसारख्या मराठवाड्यातल्या ठिकाणांसाठी छत्रपती संभाजीनगरचं मंडळ. अर्ज साध्या कागदावर, शाळेच्या लेटरहेडवर चालतो. हाती देत असाल तर आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून निघू नका, आणि एक प्रत गडाची देखभाल पाहणाऱ्या खात्याच्या संरक्षण सहायकांना द्या. परवानगी मुंबईत मिळालेली असते आणि दरवाजावरच्या पहारेकऱ्याला तिचा पत्ता नसतो, असं दरवर्षी कुठे ना कुठे होतं.

आता कागदपत्रं. मुलांची यादी, जन्मतारखेसह शाळेचं बोनाफाईड, पालकांचं संमतिपत्र, सोबतच्या शिक्षकांची नावं आणि फोन. हे सगळे जमवतात. (बोनाफाईड असताना मुलांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स गठ्ठ्याने जोडू नका, कुणी मागितल्या नसतील तर मुळीच नाही.) संमतिपत्रावर सही पालकाचीच हवी. वीस पत्रांवर एकच अक्षर दिसलं की तपासणारा थांबतो, आणि त्याचं थांबणं बरोबर आहे.

जो कागद कुणाकडेच नसतो तो म्हणजे पथकाच्या चालू वर्षाच्या नोंदणीचा पुरावा. पथक शाळेत दहा वर्षं असतं, कपाटात स्कार्फ असतात, भिंतीवर ध्वज असतो, पण नूतनीकरण दोन वर्षांपूर्वीचं असतं. फी मुलांकडून गोळा झालेली असते, भरायची राहिलेली असते. नोंदणी नसेल तर जिल्हा स्काउट-गाईड कार्यालय शिफारसपत्र कसं देणार, आणि त्या पत्राशिवाय तुम्ही पुरातत्त्व खात्यासमोर नुसते गणवेशातली मुलं घेऊन आलेले शिक्षक ठरता. तेव्हा सुरुवात इथून करा. आधी नोंदणी, मग जिल्ह्याचं पत्र, मग गडाचा अर्ज. शिवाय मुलं शाळेच्या नावाने बाहेर पडतात म्हणजे शिक्षण विभागाच्या दृष्टीने ती सहल. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी वेगळी घ्यावी लागते, स्काउटचं पत्र तिच्या जागी चालत नाही.

मुलं कोणती न्यावीत? कब-बुलबुल, म्हणजे स्काउट-गाईडच्या आधीच्या गटातली मुलं, लहान पडतात, त्यांना नेऊ नका. स्काउट-गाईड विभागातली, निदान प्रथम सोपान (पहिल्या टप्प्याची चाचणी) झालेली मुलं न्या. मुलींबरोबर गाईड कॅप्टन म्हणजे बाईच हव्यात. पंधरा वर्षांखालच्या मुलांना केंद्राच्या स्मारकांत तिकीट नसतं. नववी-दहावीतली काही मुलं पंधराच्या पुढे गेलेली असतात, त्यांचा उल्लेख अर्जात वेगळा करा, नाहीतर खिडकीशी खोळंबा होतो.

तारखांची चूक मात्र हमखास होते. बहुतेकांना जागतिक वारसा सप्ताह हवा असतो, १९ ते २५ नोव्हेंबर. त्याच्या अलीकडेच दिवाळीची सुट्टी असते. मुख्याध्यापक गावी, क्लार्क रजेवर, शिक्का कपाटात. "पंधरा दिवस आधी अर्ज द्या" असं कळलं की लोक ४ नोव्हेंबरला पोस्टात टाकतात. दिवस धरतात ते अर्ज कार्यालयात पोचल्याच्या तारखेपासून, आणि तेही बहुधा कामाचे. सगळ्या सह्या सप्टेंबरअखेर उरका. १८ एप्रिलचा वारसा दिन हवा असेल तर परीक्षांचं वेळापत्रक आधी बघा आणि उन्हाचाही विचार करा. शिवजयंतीला शिवनेरीवर मुलं उभी करू नका, त्या गर्दीत लहान मुलांचं काम नाही.

शेवटचा कागद मुलं काय बोलणार त्याचा. तो मागितला नाही तरी जोडा. लोहगडावर दीड पान पुरतं: १६६५ च्या पुरंदरच्या तहात गड मोगलांकडे गेला आणि १६७० मध्ये परत आला, गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा ह्या क्रमाने चढताना काय बघायचं, नाना फडणवीसांनी बांधलेलं सोळाकोनी तळं, आणि विंचूकाटा, म्हणजे विंचवाच्या नांगीसारखी पुढे गेलेली गडाची चिंचोळी सोंड. गणेश दरवाजाच्या बांधकामाशी नरबळीची एक कथा जोडलेली आहे. मुलांना ती फार आवडते. सांगू द्या, पण "असं सांगतात" हे शब्द जोडूनच. कड्याच्या टोकाशी एकही मूल उभं करायचं नाही, हेही त्याच पानावर लिहा; विंचूकाट्यावर वारा जोराचा असतो. जागा नकाशावर खुणा करून दाखवल्या तर अधिकाऱ्याचे निम्मे प्रश्न तिथेच संपतात.

आणि परत निघण्याआधी मुलांच्या लॉगबुकवर (केलेल्या सेवेची नोंद ठेवायच्या वहीवर) त्याच दिवशी, गडावरच, तारखेसह सह्या घ्या. नंतर पंधरा मुलांच्या वह्या घेऊन तेवढ्यासाठी पुन्हा गड चढणारे शिक्षक मी पाहिले आहेत.