मोटारीतील बिघाडाचे घरगुती निदान

मोटारीचे इंजिन किंवा विद्युत यंत्रणा नेमकी कुठे बिघडली आहे, हे मल्टिमीटर (व्होल्ट, प्रवाह आणि रोध मोजणारे उपकरण), कोड वाचणारा स्कॅनर आणि स्वतःचे कान-डोळे वापरून घरी शोधण्याची पद्धत. यातली सर्वांत महागडी चूक म्हणजे मोजणी न करताच अंदाजाने सुटे भाग बदलत राहणे.

अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींना ओबीडी-२ ही स्वयंनिदान प्रणाली सक्तीची झाली; युरोपात पेट्रोल गाड्यांना ती २००१ पासून लागू झाली. डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडला की साठवलेले बिघाडाचे कोड दिसतात. कोडवरून लक्षण कळते, खराब भाग कळेलच असे नाही. पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी पडते आहे. हा कोड पाहून अनेक जण ऑक्सिजन सेन्सर बदलतात आणि हवा ओढणारा चिरलेला रबरी पाइप तसाच राहतो. पी०३०१, म्हणजे पहिला सिलिंडर मिस करत असेल (त्यात इंधन नीट पेटत नसेल) आणि प्रत्येक सिलिंडरला ठिणगीसाठी वेगळी कॉइल असेल, तर पहिली आणि तिसरी कॉइल अदलाबदल करून पाहावी. कोड पी०३०३ (तिसरा सिलिंडर) झाला तर दोष कॉइलचाच. पहिल्यावरच राहिला तर प्लग, इंधन फवारणारा इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासावे.

पूर्ण चार्ज झालेली बॅटरी, गाडी काही तास उभी राहिल्यावर, सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे ती जवळपास निम्मी उतरली. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर काम करतो आहे. नव्या गाड्यांत संगणक हा आकडा गरजेप्रमाणे कमी-जास्त करतो.

बॅटरी चांगली असूनही सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) जड फिरतो तेव्हा व्होल्टेज ड्रॉपची, म्हणजे वायरीत किती व्होल्ट वाया जातात याची, चाचणी करावी. घरच्या निदानातली ही सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित चाचणी आहे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावरच टेकवायचे (क्लॅम्पवर नाही), दुसरे इंजिनच्या स्वच्छ धातूवर, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगायचे. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. १ व्होल्ट दिसला तर अर्थची (बॅटरीचा निगेटिव्ह खांब इंजिनला जोडणारी) वायर किंवा क्लॅम्पखालचा गंज अडवतो आहे. हीच वायर सोडवून तिचा रोध मोजला तर आकडा शून्याजवळच येतो, कारण मीटर अगदी किरकोळ प्रवाह सोडतो. सेल्फ मात्र १५० अँपिअर ओढतो, आणि तेवढ्या प्रवाहात ०.०१ ओहमसुद्धा १.५ व्होल्ट खातो.

रात्रभरात बॅटरी उतरत असेल तर गाडी बंद करून, तिचे संगणक झोपेपर्यंत थांबून प्रवाह मोजतात. बहुतेक गाड्यांत तो ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. जास्त असल्यास एकेक फ्यूज काढून कोणत्या फ्यूजने आकडा खाली येतो ते पाहतात. प्रवाह मोजण्यासाठी मीटर बॅटरीच्या वाटेत जोडलेला असताना सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज जातो.

एअरबॅगचे पिवळे कनेक्टर आणि हायब्रीड गाड्यांच्या नारिंगी केबल यांना घरी हात लावू नये, आणि बंद जागेत इंजिन चालू ठेवू नये: धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.