लांबी, वॉश आणि कोरडा ब्रश: प्लास्टिक मॉडेलच्या छंदाची पार्श्वभूमी

गणपतीचं मखर करताना थर्माकोलवर थेट स्प्रे मारायची चूक मी एकदा केली आहे. सोनेरी कळस पाच मिनिटांत वाळक्या बोरासारखा आक्रसला. रंगातलं थिनर पॉलिस्टायरीन विरघळवतं, एवढंच त्यामागचं कारण. ज्या गुणापायी मखर वाया गेलं, नेमक्या त्याच गुणावर विमानं-रणगाड्यांच्या छोट्या प्रतिकृतींची किट, म्हणजे सुट्या भागांचे संच, जोडायचा छंद उभा आहे. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन. किटचे भागही बहुतेक त्याचेच, फक्त न फुगवता साच्यात ओतलेले. किट जोडायचा पातळ गोंद, ज्याला सिमेंट म्हणतात, तो फेविकॉलसारखा मधे थर धरून बसत नाही. तो दोन्ही कडा किंचित विरघळवतो, आणि दाबून धरलं की त्या एकजीव होतात. म्हणून फेविकॉलची सवय असलेला माणूस पहिल्या किटवर सढळ हाताने सिमेंट ओततो आणि पंखावर अंगठ्याचा ठसा कायमचा उमटवून बसतो.

हा छंद सुरू झाला तेव्हा मात्र तो सुतारकामाच्या जवळचा होता. १९३२ मध्ये ब्रिटनमध्ये जेम्स हेय स्टीव्हन्स यांनी आखलेली ‘स्कायबर्ड्‌स’ ही विमानांची किट निघाली. त्यांत लाकडाचे ओबडधोबड भाग असत. तासायचं, घासायचं, आकार काढायचा तो आपणच. त्यांनी धरलेलं प्रमाण होतं १:७२, म्हणजे सहा फुटांना एक इंच. सहा फुटी वैमानिक बरोबर एक इंचाचा होतो, हिशेबाला सोपं. हे प्रमाण आजही विमानांच्या मॉडेलमध्ये ठाण मांडून आहे.

१९३६ मध्ये फ्रॉग या ब्रिटिश ब्रँडने ‘पेंग्विन’ नावाने प्लास्टिकची किट काढली. फ्रॉगची आधीची मॉडेलं उडणारी होती, ही न उडणारी, म्हणून नाव पेंग्विन! पण त्यांचं प्लास्टिक होतं सेल्युलोज ॲसिटेट, आणि ते काळाबरोबर वाकडं होई. तोवर महायुद्ध आलं. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून पाच लाख लाकडी विमानं मागवली, त्याच १:७२ प्रमाणात आणि काळ्या रंगात. आपलं विमान कोणतं आणि शत्रूचं कोणतं, हे नुसत्या आकारावरून ओळखायचा सराव सैनिकांना त्यांवर द्यायचा होता. पस्तीस फुटांवर धरलेलं असं मॉडेल जवळपास अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं. एका अख्ख्या पिढीच्या हाताला मापात काम करायची सवय लागली ती अशी, वर्गात बसून.

युद्धानंतर पॉलिस्टायरीन स्वस्त झालं आणि चित्र पालटलं. निकोलस कोव्ह या हंगेरियन गृहस्थांनी १९३९ मध्ये काढलेली एअरफिक्स आधी हवा भरायची रबरी खेळणी आणि पुढे कंगवे बनवायची. १९४९ मध्ये तिने फर्ग्युसन ट्रॅक्टरचं मॉडेल केलं, तेही त्या कंपनीच्या जाहिरातीसाठी. १९५२ मध्ये ‘गोल्डन हाइंड’ जहाजाचं किट साध्या पिशवीत घालून दोन शिलिंगांना विकलं, आणि ते धडाक्यात खपलं.

माझ्या मते छंदाचं खरं वळण इथे आहे. आकार आता साच्यातूनच मिळू लागला. मग हाताला उरलं काय? सांधा आणि रंग. विमानाचे दोन अर्धे जोडले की पाठीवर रेघ राहते, आणि खऱ्या विमानाच्या पाठीवर तशी रेघ नसते. म्हणून त्या रेघेत लांबी, म्हणजे पुटी, भरायची, वाळू द्यायची, आणि आधी ४००, मग ८०० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात घासायचं. डोळ्यांपेक्षा नखाला ती रेघ आधी कळते.

जपानमध्ये शिझुओका इथे १९४६ मध्ये लाकडाच्या वखारीपासून सुरू झालेली तामिया पुढे लाकडी मॉडेलांकडे आणि १९६० पासून प्लास्टिककडे वळली. त्यांच्या पहिल्या पँथर रणगाड्यात मोटर होती. आत सेल मावले पाहिजेत म्हणून त्याचं माप ठरलं, आणि मागाहून मोजलं तर ते साधारण १:३५ भरलं. जगभरात रणगाड्यांची पुष्कळ मॉडेलं आज त्याच प्रमाणात निघतात. सेलच्या डबीने ठरवलेलं प्रमाण!

राहिला रंग. नव्या मॉडेलचं प्लास्टिक कसंही रंगवलं तरी खेळण्यासारखं दिसतं, कारण इतक्या लहान वस्तूवर खऱ्यासारखी सावली पडत नाही. ती रंगवावी लागते. शिशाचे सैनिक रंगवणाऱ्यांकडे याचं उत्तर होतं. तैलरंग थिनरमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करून सोडला की तो आपोआप खाचांत धावतो, हा वॉश. मग फिक्या रंगात बुडवलेला ब्रश जुन्या फडक्यावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसायचा आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा, हा ड्रायब्रश. सत्तरच्या दशकात अमेरिकेत शेपर्ड पेन यांनी मोनोग्राम कंपनीच्या किटसाठी देखावे बनवले, आणि ते कसे केले हे सांगणारी पत्रकं खोक्यातच घातली जाऊ लागली. शेतात कोसळलेलं बी-१७ बाँबर, वाकलेले पंखे, भोवती माती. खोकं उघडणाऱ्या पोराला गुरू आतच सापडला. बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडेन यांनी हीच पद्धत युरोपात गाजवली.

आपल्याकडे १९९१ पूर्वी आयातीवर निर्बंध होते, परदेशी किट सहजी मिळत नसे. पण देखावा करणं काही आपल्याला नवं नव्हतं. विटा-दगड रचून, वर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकून, आळीव पेरून दिवाळीत केलेला किल्ला हा देखावाच की. प्रमाणाचं मात्र आपण कधी मनावर घेतलं नाही, महाराज बुरुजाहून उंच असले तरी चालतात. प्रमाण काटेकोर सांभाळलेलं काम बघायचं तर पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. १९९८ पासून तिथे १:८७ मधल्या गाड्या धावताहेत.

अलीकडच्या युक्त्याही घरातल्याच वस्तूंतून आल्या. गंजाचा रंग द्यायचा, वर केसांचा स्प्रे, त्यावर हिरवा ॲक्रिलिक. मग ओल्या ब्रशने चोळलं की खालचा स्प्रे विरघळतो, हिरव्याची खपली निघते आणि गंज डोकावतो. आता रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट केलेले भागही मिळतात. त्यांना जोडरेघ नसते, पण छपाईच्या थरांच्या बारीक रेषा असतात, आणि आधाराच्या काड्या तोडल्या की पुळ्या राहतात. त्यामुळे हार्डवेअरच्या दुकानातली माझी उधारी काही संपलेली नाही. मागच्याच आठवड्यात दोन लांबीचे डबे आणि ८०० नंबरचे सहा कागद आणले.